प्लॅस्टिकची खुर्ची, पाण्याचे पिंप आणि कूलर : काय रंगवावे, काय सोडून द्यावे

उन्हाळा लागण्यापूर्वी सोलापुरात घरोघर कूलर माळ्यावरून खाली उतरतो, गच्चीवरची पिंपे घासली जातात आणि अंगणातल्या विटलेल्या खुर्च्यांना एक हात रंग मारून घ्यावा, असे मनात येते. लोखंडाला किंवा लाकडाला धरतो तसा रंग प्लॅस्टिकलाही धरेल, असे आपण गृहीत धरतो. परंतु तो धरणार की नाही, हे वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे यावर ठरते.

त्यासाठी आधी वस्तू उलटी करून त्रिकोणातला आकडा पाहावा. २ किंवा ४ असल्यास ते पॉलिथिलीन, ५ असल्यास पॉलिप्रॉपिलीन आणि ३ असल्यास पीव्हीसी असते. कूलर, मिक्सर यांच्या कडक, गुळगुळीत भागांवर पुष्कळदा एबीएस ही अक्षरे आढळतात; तोही प्लॅस्टिकचाच एक प्रकार. खूण नसेल तर ब्लेडने कडेची बारीकशी किस काढून पाण्यात बुडवावी : पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. स्वस्त खुर्च्यांत मात्र खडूची भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे पॉलिप्रॉपिलीन असूनही तिची किस कधीकधी बुडते.

मोल्डेड खुर्ची बहुधा पॉलिप्रॉपिलीनचीच असते आणि फसगत होते ती हिच्याच बाबतीत. तिचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळे पाण्याप्रमाणेच रंगही त्यावर नीट पसरून चिकटत नाही, शिवाय रंगातले टर्पेंटाइन तो पुरेसा मऊ करू शकत नाही. मी स्वतः दोन खुर्च्या पॉलिश पेपरने घासून ऑईल पेंटचे दोन हात मारले होते. आठवडाभर त्या नव्यासारख्या दिसल्या. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर बैठकीच्या कडेने पापुद्रे उठू लागले. नखाने ओढला तर बोटभर लांब पट्टी अखंड निघून आली आणि तिची खालची बाजू काचेवर वाळवल्यासारखी तुकतुकीत होती. रंगाने प्लॅस्टिकला पकडलेच नव्हते. उन्हात प्लॅस्टिक धातूपेक्षा कितीतरी पट अधिक प्रसरण पावते आणि वाळून कडक झालेल्या रंगाला तो ताण सोसवत नाही.

मग गाडीच्या बंपरवर रंग कसा टिकतो, असा प्रश्न येईल. बंपरही बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्याच मिश्रणाचा असतो. त्यावर आधी खास प्लॅस्टिक प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला हात, मारतात; कारखान्यात काही वेळा पृष्ठभागावरून ज्योतही फिरवतात. हा प्रायमर गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानांत मिळतो आणि खुर्चीलाही चालतो; परंतु बंपरवर कोणी रोज बसत-उठत नाही. प्रायमर, स्प्रेचे डबे आणि अर्ध्या दिवसाची मेहनत यांची नव्या खुर्चीच्या किमतीशी तुलना केली, तर माझा कौल नव्या खुर्चीला आहे. त्यातही हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर ती खुर्ची उन्हाने ठिसूळ झालेली असते आणि रंगाखाली तिच्या चिरा दडतात. घरातल्या वयस्कर माणसांना अशा खुर्चीवर बसवू नये.

कूलरची जाळी एबीएसची असेल तर चित्र अगदी उलटे आहे, कारण स्प्रे पेंटमधले द्रावक तिचा वरचा थर किंचित मऊ करते आणि रंग आत रुततो. बोअरच्या जड पाण्याने धरलेला क्षार लिंबूसत्त्वाने काढावा, साबणाने धुऊन, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून, स्प्रेचे तीन-चार पातळ हात द्यावेत. पुसायला थिनर मात्र वापरू नये. त्याने एबीएसला चिरा पडतात. गच्चीवरच्या कडक पीव्हीसी पाइपलाही घासून फिक्या रंगाचा पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक पेंट द्यावा. त्याने उन्हापासून पाइपचे रक्षण होते. नळीचा मऊ पाइप रंगवू नये, त्यातल्या तेलकट द्रव्याने रंग चिकट राहतो.

राहिले पिंप. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ते घरातले सर्वांत राबते भांडे आहे. ते पॉलिथिलीनचे असते, सतत ओढले-घासले जाते, त्यामुळे बाहेरून दिलेला रंग टिकत नाही आणि आतून तर कोणताही रंग देऊच नये. पाणी तापते म्हणून पांढरा रंग द्यावासा वाटत असेल, तर पिंपावर हिरवी शेडनेट बांधावी किंवा भोवती ओले गोणपाट गुंडाळावे.