कोथरूडमधला गरोदर बायकांचा योगा क्लास – माझा अनुभव

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) चालू असतानाच जॉइन केला होता हा क्लास, आता सातवा महिना चालूये, म्हटलं लिहूनच टाकू. सगळ्यात आवडलं ते म्हणजे मॅडम आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, त्याशिवाय मॅटवर बसूच देत नाहीत. इंजेक्शनं चालू असताना ओव्हरी मोठी झालेली असते, तिला पीळ पडू शकतो, म्हणून उड्या, सूर्यनमस्कार, पोट पिळायची आसनं एकदम बंद, फक्त चालणं आणि श्वासाचे प्रकार. ट्रान्सफरनंतर (म्हणजे तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) सासूबाईंचं म्हणणं पंधरा दिवस पलंगावरून उतरायचं नाही, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नुसतं पडून राहून काही फायदा होत नाही, मग काय, रोज संध्याकाळी अर्धा तास फेरी (आता सासूबाईपण येतात बरोबर, गुडघे मोकळे झाले म्हणे).

सध्या आठवड्याला तीन क्लास नि बाकी चालणं धरून १५० मिनिटं आरामात होतात, डब्ल्यूएचओपण गरोदरपणात किमान तेवढंच सांगते. मार्जारासनाने कंबरेला खरंच बरं वाटतं, शवासन मात्र डाव्या कुशीवर.

तक्रार म्हणजे क्लास दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, गरोदर बायकांचा क्लास आणि लिफ्ट नाही, काय बोलायचं! आणि बाळंतपणाआधीच डिंकाचे लाडू खपवायला बघतात, ते आईच्या हातचेच बरे. फी जरा जास्तच आहे पण बॅचला आठच जणी घेतात, त्यामुळे प्रत्येकीकडे लक्ष असतं.