मसाई मारा: नैरोबीहून छोट्या विमानानं जावं की गाडीनं?

केनियाची राजधानी नैरोबी ते तिथलं मसाई मारा अभयारण्य गाडीनं पाच-सहा तास, विमानानं पाऊण तास. तिकिटाचा आकडा बघितला की बरेच जण मुकाट्यानं गाडी ठरवतात. माझं म्हणणं, मारात तीनच रात्री असतील तर निदान एका बाजूनं विमान घ्याच.

पैशाचा हिशेब आधी. विमानाचं भाडं माणशी, गाडीचं अख्ख्या गाडीचं. सहा जणांचं कुटुंब असेल तर गाडी खूपच स्वस्त पडते. दोघंच असाल तर फरक बराच कमी होतो. त्यात जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला अभयारण्याचं शुल्कच दिवसाला 200 डॉलर आहे. असा अर्धा दिवस रस्त्यात घालवणंही महागच.

विमानं सुटतात विल्सन विमानतळावरून. मुंबईहून तुम्ही उतरता तो जोमो केन्याटा वेगळा, त्यामुळे मधे टॅक्सी आणि नैरोबीचा ट्रॅफिक धरून चला. विमान बहुतेक वेळा सेस्ना कॅरॅव्हॅन: एक इंजिन, जेमतेम डझनभर माणसं, वाकून आत शिरायचं, स्वच्छतागृह नाही. पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं. मारात कीकोरोक, ओल किओम्बो, मुसियारा, किचवा टेम्बो अशा बऱ्याच धावपट्ट्या आहेत. एकच विमान दोन-तीन ठिकाणी उतरत जातं. तुमची पट्टी शेवटची असेल तर तासाच्या वर वेळ लागतो.

पण ते उतरणं! माळावरच्या गवतात आखलेली पट्टी, कडेला एक शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, बस. दिवे नाहीत, म्हणून ये-जा दिवसाउजेडीच. पट्टीवर झेब्रे चरत असले तर कॅम्पची, म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या ठिकाणची, गाडी त्यांना हुसकावते, आणि तरी हलले नाहीत तर वैमानिक विमान पुन्हा वर घेतो आणि घिरटी मारून परत येतो. खाली उतरलात की कॅम्पची गाडी समोर उभी असते आणि तिथूनच सफारी सुरू होते. मात्र जाताना सकाळचं विमान घ्या. दुपारी जमीन तापली की ही छोटी विमानं चांगलीच हलतात.

आता रस्ता. लिमुरूच्या पुढे ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर गाडी थांबते आणि समोर लोंगोनॉटचा ज्वालामुखी दिसतो. घाट उतरताना इटालियन युद्धकैद्यांनी 1942 साली बांधलेलं इवलंसं चर्च लागतं. पुढे नारोक भागातली गव्हाची शेतं, मग मसाई लोकांची गुरं. हा उतार एकदा तरी जमिनीवरून बघावा. आता अभयारण्याच्या सेकेनानी गेटपर्यंत डांबरी रस्ता आहे, पूर्वीसारखी हाडं खिळखिळी होत नाहीत. आणि गाडीनं गेलात तर ती मारातही तुमच्याच दिमतीला असते. बिबट्यापाशी जरा जास्त थांबायचं असलं तरी गाडीतल्या दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही. विमानानं गेलात तर बहुधा कॅम्पच्या सामायिक गाडीत बसावं लागतं. फोटोग्राफीसाठी जाणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

मार्च ते मे हे पावसाचे महिने. माराची काळी माती आपल्या मराठवाड्यातल्या रानासारखीच भिजली की धरून ठेवते. अशा वेळी विमान ऐनवेळी दुसऱ्या पट्टीवर उतरू शकतं, आणि गाड्याही आतल्या कच्च्या वाटांवर रुततात.

आईवडील सत्तरीचे असतील तर फार विचार न करता दोन्ही बाजूंनी विमान. बाकीच्यांना मी जाताना गाडी, येताना विमान असं सुचवेन. खर्च वाढतो, कारण गाडीच्या परतीचेही पैसे द्यावे लागतात. पण येताना दुपारचं विमान घेतलं तर शेवटच्या सकाळची सफारी पदरात पडते. शिवाय विमानात हातातल्या पिशवीसकट साधारण 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. मोठ्या बॅगा ड्रायव्हरबरोबर नैरोबीला पाठवता येतात. मात्र त्याच दिवशी मुंबईचं विमान असेल, तर मारातून दुपारचं नको, सकाळचंच पकडा.