कोलायटिस आणि आठ जिवाणूंची पुडी: काही महिने वापरल्यानंतर

परवा अकोल्याच्या उन्हात माझ्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटासाठी घ्यायच्या जिवंत जिवाणूंच्या, पुड्यांचं पार्सल आलं. खोका उघडला तर आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं, पुड्या हाताला चक्क गरम. '२ ते ८ अंशांत ठेवा' असं खोक्यावरच छापलंय. विकणाऱ्यांना फोन केला, तर म्हणे, "सर, सील फुटलेलं नाही, रिटर्न बसत नाही." अहो, सील काय ऊन अडवतं? आतले जिवाणू जिवंत असण्याचेच तर पैसे मोजतोय! महिन्याच्या किराण्याच्या निम्मे पैसे यातच जातात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) असलेल्यांना ही पुडी माहीत असेलच, एकात ४५,००० कोटी जिवाणू. हा आकडा बनवतानाचा की एक्स्पायरीपर्यंतचा, ते मात्र खोक्यावर नीट वाचा. माझ्या खोक्यावर बनवतानाचा आहे, म्हणून तर त्या गरम पार्सलचा इतका संताप.

सुरुवातीला पोट गुबारायचं, गॅस व्हायचा. पैसे पाण्यात गेले असं वाटून बंदच करणार होतो. मग हळूहळू सकाळची धावपळ कमी झाली, रक्त पडायचं थांबलं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेचं माप, चारशेच्या वर होतं ते दीडशेच्या आत आलं. तेव्हा मी भेटेल त्याला ही पुडी सांगत होतो.

आता तसं सांगत नाही. त्याच सुमारास डॉक्टरांनी मेसालामाइनचा, म्हणजे आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधाचा, डोस वाढवला होता, मग श्रेय पुडीला कसं द्यायचं? अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये कोलायटिससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चाचणीतच द्या, असं सांगितलंय. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी (पाउच) केलेल्यांच्या पाउचायटिसला, म्हणजे त्या पिशवीच्या सुजेला, मात्र आठ जिवाणूंचं मिश्रण त्यांनी सुचवलंय. निस्ले १९१७ नावाचा ई. कोलाय या जिवाणूचा एक वाण कोलायटिस आटोक्यात ठेवायला मेसालामाइनच्या तोडीचा ठरला, पण ते त्या वाणापुरतं. म्हणूनच गुडघ्यापासून त्वचेपर्यंत 'सगळी सूज घालवते' म्हणणाऱ्या जाहिरातींची चीड येते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता पुड्या चौकातल्या मेडिकलमधून घेतो. तिथे औषधांचा वेगळा फ्रिज आहे. थोडे जास्त पडतात, पण बर्फाच्या थर्मासमधून घरी आणतो. मेसालामाइन चालूच राहील. पावसाळ्यात, डॉक्टरांच्या परवानगीने, पुड्या थांबवून पुन्हा कॅलप्रोटेक्टिन करणार आहे. आकडा तेवढाच राहिला तर पुढचा खोका आणणार नाही.