नवशिक्यांचा लिनोकट संच: निषेधाच्या पोस्टरांना पुरतो का?

चित्रकार चित्तप्रसादांच्या १९४३च्या बंगाल-दुष्काळ चित्रांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर कोरून, शाई लावून काढलेला छाप, हेही त्यांचे हत्यार होते. त्या घाटाची पोस्टरे करायची तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेला हा स्वस्त संच अर्धाच उपयोगी.

व्ही पाते चांगले, बारीक रेषा स्वच्छ निघते. यू पाती मात्र बोथट. लिनो कापण्याऐवजी फाडतात, कडा भुरभुरतात. आधी बारीक पॉलिश कागदावर धार लावून घ्या. थंडीत लिनो कडक होतो; थोडा वेळ उन्हात ठेवला की पाते लोण्यात गेल्यासारखे चालते.

घोषणा उलटी कोरायची हे बहुतेकांना ठाऊक असते. पण भोवतालचा भाग कोरून अक्षरे उठावात ठेवली की ‘ध’, ‘भ’च्या गाठी शाईने बुजतात, तिथेच पोस्टर फसते. अक्षर किमान दोन सेंटीमीटर उंच हवे, शाईचा थर पातळ. रूळ फिरताना चिकट चुरचुर आवाज आला की प्रमाण बरोबर. प्रेस लागत नाही, कागदावर घासायला चमच्याची पाठ पुरते.

संचातली पाण्याची शाई सरावापुरतीच. मोर्चाच्या पावसात ती ओघळणारच. तेलाची शाई वेगळी घ्या आणि पुण्याच्या पावसाळ्यात ती वाळायला काही दिवस जादा धरा.