पुढचा शॉकअप: स्प्रिंग घरी दाबावी की गॅरेजात?

बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच जोडणी. ती गाडीतून काढणे घरी जमण्यासारखे आहे: गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) भक्कम टेकवावी, ब्रेकचा होज आणि एबीएसची (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर स्ट्रटवरच्या पकडीतून सोडवावी, खालच्या दोन बोल्टांची जागा रंगाने खुणावून ते काढावेत आणि बॉनेटखालचे नट शेवटी सोडावेत. खरा प्रश्न त्यानंतर येतो: शॉकअप वेगळा करायला आधी स्प्रिंग दाबून धरावी लागते.

घरीच स्प्रिंग दाबायची तर स्प्रिंग कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग आवळून दाबणाऱ्या हत्याराचे) दोन्ही पंजे समोरासमोर लावून थोडेथोडे, आळीपाळीने आवळावे लागतात. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते, आणि वरच्या बैठकीवरचा ताण पुरता जाण्याआधी शॉकअपच्या दांड्याचा मधला नट सोडला तर ती थेट अंगावर उसळू शकते. हलक्या प्रतीच्या कॉम्प्रेसरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

याउलट, काढलेला स्ट्रट पिशवीत घालून गॅरेजात नेला, तर तिथल्या भिंतीवरच्या पक्क्या प्रेसवर हे काम झटपट होते आणि बरीचशी मजुरी तरीही वाचते. मात्र स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंट (गाडीला जोडणारी बैठक) व बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यावे, नाहीतर स्टेअरिंग वळवताना कटकट सुरूच राहते.

कोणताही मार्ग घेतला तरी शॉकअप जोडीनेच बदलावेत आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. रंगाची खूण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) साधारण जागेवर आणते, अचूक नव्हे.