तालुक्याच्या गावातला इंग्रजी संभाषणाचा वर्ग: सर उत्तम, पुस्तिका सुमार

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या एका कृषी केंद्राच्या माडीवर इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो. तेथील ‘फ्रेझल व्हर्ब’, म्हणजे क्रियापद आणि अव्यय यांच्या जोड्या, या विषयापुरता मर्यादित असलेला दोन महिन्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. शुल्क १,८०० रुपये आहे आणि त्यातच स्पायरल बांधणीची एक जाड पुस्तिका मिळते. शिकवणारे सर उत्तम आहेत, पुस्तिका मात्र त्यांच्या योग्यतेची नाही. त्यामुळे वर्ग लावणाऱ्याने आपण सरांच्या तोंडी सरावाचे पैसे मोजत आहोत, असे समजूनच ते मोजावेत.

वर्गात येणारी बहुतेक मुले बँकेच्या किंवा अन्य स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आहेत, आणि काहींना नागपूर-पुण्याकडच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी हवी आहे. शाळेत काळ, प्रयोग, वाक्यपरिवर्तन हे सारे त्यांनी केलेले असते. परंतु फोनवरचा ग्राहक ‘टॉलरेट’ न म्हणता ‘पुट अप विथ’ म्हणतो आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ न म्हणता ‘लुक इन्टू’ म्हणतो, तेव्हा सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन यांसारखे एखादे अव्यय जोडले की निराळाच अर्थ उभा राहतो, आणि रोजच्या बोलण्यातली इंग्रजी अशा जोड्यांनी भरलेली असते. या एकाच विषयासाठी स्वतंत्र वर्ग काढण्याची कल्पना म्हणूनच योग्य आहे.

पुस्तिकेचा दोष असा की तिने या जोड्या वर्णानुक्रमे मांडून प्रत्येकीपुढे एकेक मराठी अर्थ लिहून दिला आहे. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमानाने उड्डाण करणे, एवढेच तिला ठाऊक. अंगातला सदरा किंवा पायातली चप्पल काढणे यालाही इंग्रज ‘टेक ऑफ’च म्हणतो, हे त्या रकान्यात मावलेले नाही. ‘गो ऑफ’ची गंमत तर याहून मोठी आहे. दिवे ‘गो ऑफ’ होतात तेव्हा ते बंद पडतात, गजर ‘गो ऑफ’ होतो तेव्हा तो वाजू लागतो आणि दूध ‘गो ऑफ’ होते तेव्हा ते नासते. पुस्तिकेत फक्त ‘बंद होणे’ आहे. सर्वांत घातक चूक ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांची आहे. दोहोंपुढे ‘रद्द करणे’ असे छापले आहे, वास्तविक पहिल्याचा अर्थ पुढे ढकलणे असा आहे. मुलाखत ‘पुट ऑफ’ झाल्याचा निरोप ज्याला रद्द झाल्यासारखा वाटेल, तो नव्या तारखेची चौकशीही करणार नाही. ‘कोप अप विथ’ ही जोडीही पुस्तिकेत सन्मानाने विराजमान आहे. आपल्याकडे ती सर्रास ऐकू येते, परंतु प्रमाण इंग्रजीत ‘कोप विथ’ एवढेच असते, मध्ये ‘अप’ नाही.

पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे तं सारंच पाठ करा लागते का?” सरांनी पुस्तिका मिटायला सांगितली आणि फळ्यावर फक्त ‘अप’ लिहिले. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप या साऱ्यांत काम पुरते संपवल्याचा भाव आहे, असे दाखवून त्यांनी विचारले की आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा नेमके काय फेकतो, आणि ‘झोपून जा’ म्हणतो तेव्हा कुठे जातो? आपल्या संयुक्त क्रियापदांतले दुसरे पद मूळ अर्थ सोडून नुसता भाव देते, तसेच पुष्कळ वेळा ‘अप’चे आहे, हे मुलांना क्षणात उमगले. त्यानंतर कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन यांतला ‘ऑन’ चालू राहण्याचा, आणि रन आउट, सेल आउट यांतला ‘आउट’ सरून जाण्याचा, असे गट पडत गेले. ही पद्धत सर्वत्र लागू पडत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणे आणि ‘शो अप’ म्हणजे हजर होणे, ही त्या चौकटीबाहेरचीच राहतात आणि ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात, हे सरांनी स्वतःच सांगितले. तरीही पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

शब्दक्रमावर सरांनी सर्वाधिक वेळ घालवला आणि मला तोच भाग सर्वाधिक मोलाचा वाटला. मोटारपंप बंद करायचा असेल तर ‘टर्न ऑफ द पंप’ चालते आणि ‘टर्न द पंप ऑफ’ही चालते, पण पंपाऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसले पाहिजे, ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ हे चूक. याउलट ‘लुक आफ्टर’ ही जोडी फुटत नाही, म्हणून बैलांना सांभाळायचे तर ‘लुक आफ्टर देम’, ‘लुक देम आफ्टर’ कधीही नव्हे. पहिल्या प्रकारातले अव्यय क्रियाविशेषणासारखे वागते व दुसऱ्यातले शब्दयोगी अव्ययासारखे, हे कारण त्यांनी दोन वाक्यांत सांगून सोडून दिले आणि उरलेला तास बँकेतला अर्ज, एसटी, दवाखाना अशा प्रसंगांवर वाक्ये म्हणवून घेतली. अर्जाला ‘फिल इट इन’. बसमध्ये चढताना ‘गेट ऑन’, मोटारीत बसताना मात्र ‘गेट इन’. वाटेत एसटी बंद पडली तर ‘ब्रेक डाउन’. उच्चारातला आघातही त्यांनी घोटून घेतला. कापूस नेणाऱ्या गाडीला आपण ‘पिकअप’ म्हणतो त्या नामात इंग्रजीत जोर ‘पिक’वर असतो, तर ‘पिक इट अप’ म्हणताना तो ‘अप’वर जातो. चेकअप, बॅकअप, मेकअप, रनआउट ही नामे खेड्यापाड्यांत आधीच मुक्कामाला आलेली आहेत. त्यांची क्रियापदेच तेवढी आपल्याला परकी वाटतात.

एका मुद्द्यावर माझे सरांशी जमले नाही. पदवी घेणे या अर्थी ‘पास आउट’ आणि मुक्काम करणे या अर्थी ‘पुट अप’ हे वापर त्यांनी सरसकट अशुद्ध ठरवले. ‘पास आउट’चा प्रचलित अर्थ शुद्ध हरपणे असा आहे, म्हणून परदेशी ग्राहकाशी बोलताना ते टाळावे हे खरे, परंतु ब्रिटनमध्येही सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यासाठी तोच शब्द वापरतात, आणि कोट्यवधी भारतीय ज्या अर्थाने तो एकमेकांशी बोलताना वापरतात त्याला अशुद्ध म्हणण्यापेक्षा स्थानिक म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. अशी जोडक्रियापदे केवळ बोलण्यातच शोभतात, हे पुस्तिकेतील विधानही अर्धेच खरे आहे. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच-लॅटिन शब्दांना औपचारिकतेचा मान मिळाला आणि मूळच्या इंग्रजी जोड्या घरगुती ठरल्या हे मान्य. तरी ‘कॅरी आउट’ आणि ‘सेट अप’ सरकारी अहवालांतही सुखाने नांदतात.

आपल्यालाच हे जड जाते असे मानून खट्टू होणाऱ्या मुलांना सरांनी सांगितलेली माहिती येथे नोंदवण्यासारखी आहे: सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच, परकीयांना सर्वांत मोठी अडचण या रचनेची येते, असे लिहून ठेवले होते.

उणिवा आणखी दोन आहेत. ध्वनिमुद्रणे ऐकवली जात नाहीत, त्यामुळे सरांखेरीज दुसऱ्या कोणाचे इंग्रजी कानावर पडत नाही. आणि लाइन गेली की माडीवर बसवत नाही. सायंकाळच्या तुकडीत गर्दी असते, शिवाय खेड्यावरून येणाऱ्यांना शेवटची एसटी गाठण्यासाठी सरावाच्या ऐन वेळी उठावे लागते. सकाळच्या तुकडीत मुले कमी असल्याने प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळते, तेव्हा शक्य असल्यास तीच निवडावी. पुस्तिका नको असल्यास शुल्कातून ३०० रुपये वजा होतात. फलकावर तसे लिहिलेले नाही, प्रवेश घेताना विचारावे लागते.