रिचर्ड शेकनर यांचं ‘परफॉर्मन्स स्टडीज : अॅन इंट्रोडक्शन’ : कसं वापरावं

शेकनर हे अमेरिकी नाट्यदिग्दर्शक आणि अभ्यासक; परफॉर्मन्स स्टडीज म्हणजे प्रयोगांचा, सादरीकरणांचा अभ्यास. पुस्तकाची पहिली आवृत्ती २००२ची, एकूण आठ प्रकरणं. विधी, खेळ, नाटक, मानववंशशास्त्र असं सगळं एका छताखाली आणणारं एवढं सोयीचं पाठ्यपुस्तक दुसरं क्वचितच सापडेल. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर मात्र दमछाक होते. चौकटीतले उतारे सतत मध्ये येतात. ते दुसऱ्या वाचनाला ठेवा.

खरा ऐवज सातव्या प्रकरणात आहे. तिथे प्रयोगाचे तीन टप्पे आणि दहा भाग केले आहेत : प्रशिक्षण, कार्यशाळा, तालीम, मग अंग मोकळं करणं, प्रत्यक्ष प्रयोग, त्याला पेलणारा भोवताल, उतरणं (प्रयोगातून बाहेर येणं), शेवटी समीक्षा, दस्तऐवज, आठवणी. तमाशावर हा तक्ता लावताना विद्यार्थी गण, गवळण, बतावणी, वग ‘प्रयोग’ या एकाच रकान्यात कोंबतात आणि ‘उतरणं’ कोरं सोडतात. रंग पुसणं, चाळ सोडणं, सामान गाडीत भरणं तिथेच लिहायचं असतं.

‘प्रयोग असणं’ (समाज ज्याला प्रयोग मानतो ते) आणि ‘प्रयोग म्हणून पाहणं’ (कुठलीही कृती प्रयोग समजून तपासणं) हा फरक आधी पक्का करा, नाहीतर प्रबंधात रांगेत उभं राहणंही नाटक ठरतं! आंतरसांस्कृतिक प्रयोगांवरचं आठवं प्रकरण भारतीय नाट्य-अभ्यासक रुस्तम भरूचांची अशा प्रयोगांवरची टीका सोबत ठेवूनच वाचावं.